निळीचा रांजण

पांढऱ्या कपड्यांना नीळ देण्याची चाल मराठी घरांतून अजून मोडलेली नाहीं. धोतरें, सदरे, उशांचे अभ्रे धुऊन झाले म्हणजे शेवटच्या पाण्यांत थोडीशी नीळ टाकावयाची व कापडाचा पिवळेपणा झांकावयाचा, ही गोष्ट लहान मुलांसहि ठाऊक असते. परंतु ही नीळ म्हणजे खरी नीळ नव्हे, हें फारच थोड्यांच्या ध्यानांत येतें. पुडींतील भुकटी ही अल्ट्रामरीन नांवाच्या कृत्रिम खनिज रंगाची असते. बाटलींतील द्रव हाहि कारखान्यांतीलच रंग. नीळ या नांवाच्या झुडपाशीं त्यांचा कांहींएक संबंध नाहीं. वस्तु जावी आणि नांव मागें राहावें, असें भाषेंत पुष्कळदां घडतें. मात्र या नांवामागून जें गेलें तें केवळ एक झाड नव्हतें. घरच्या अंगणांत कापड रंगविण्याची एक संपूर्ण विद्याच त्याबरोबर गेली.

त्या विद्येची पहिली ओळख प्रत्येकास बालपणींच झालेली असते. पण ती ओळख म्हणून कोणी जपून ठेवीत नाहीं. पंचतंत्रांत निळ्या कोल्ह्याची गोष्ट आहे. कुत्रीं पाठीस लागलीं म्हणून एक कोल्हा गांवांतील रजकाच्या घरांत शिरतो, निळीनें भरलेल्या भांड्यांत पडतो आणि बाहेर निघतो तो निळा होऊन. पुढें रानांतील पशु त्याला राजा मानतात, व कोल्हेकुई ऐकतांच त्याचें सोंग उघडें पडतें. या गोष्टींतील नीति सर्वांस पाठ असते. व्यवहाराची बाजू मात्र दुर्लक्षित राहते. भांडें रात्रीच्या वेळीं भरलेलें होतें. तें विस्तवावर नव्हतें. असतें तर कोल्हा राजा होण्यापूर्वींच भाजून मेला असता. आणि एकदां अंगास लागलेला रंग पाण्यापावसानें गेला नाहीं. सदा भरलेलें भांडें, थंड रंग आणि पक्का रंग, या तीन खुणांत निळीचा सगळा घरगुती इतिहास सांठविलेला आहे.

हा इतिहास समजून घेण्यास यवतमाळ जिल्ह्यांतील राळेगांवसारखें दुसरें सोयीचें ठिकाण नाहीं. वऱ्हाडच्या पूर्व कडेला, वर्धा नदीच्या अलीकडे हा मुलूख पसरलेला आहे. जमीन काळी, पीक मुख्यतः कापसाचें. नदीपलीकडे हिंगणघाट, ज्याच्या नांवावर एके काळीं कापसाची एक जातच परदेशांत ओळखली जाई. इंग्रजी अमलांत हा भाग वणी जिल्ह्यांत मोडे. १९०५ सालीं त्याच जिल्ह्यास यवतमाळ हें नांव मिळालें. गिरण्या येण्यापूर्वीं अशा मुलखांत कापसाचें वस्त्र होण्यास त्याला दूरदेशीं जावें लागत नसे. कापूस शेतांतला; सरकी काढावयाची ती घरीं; पिंजाऱ्यानें पिंजावयाचा; बायकांनीं सूत कांतावयाचें; कोष्टी किंवा महार विणकरानें तें मागावर घ्यावयाचें; आणि शेवटीं रंगाऱ्याकडे जावयाचें. बीं पेरल्यापासून लुगडें नेसेपर्यंतचा सगळा प्रवास चार-दोन कोसांच्या आंत पुरा होई.

या साखळींतील शेवटचा दुवा रंगाऱ्याचा. मध्यप्रांतांतील जातींवर रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ सालीं जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत छिपा व रंगारी मिळून सुमारे २३,००० माणसें या प्रांतांत असल्याची नोंद आहे. उत्तरेकडे त्यांना छिपा म्हणत. मराठी मुलखांत रंगारी किंवा भावसार. त्यांपैकीं जे मुख्यतः निळीचें काम करीत, त्यांस निळारी अथवा निराळी असें नांव पडलें. भावसारांची कुलदेवता हिंगलाज माता. परशुरामाच्या कोपांतून वांचण्यासाठीं दोघां क्षत्रिय भावांनीं देवीच्या देवळाचा आश्रय घेतला व देवीनें त्यांस रंगाचा धंदा नेमून दिला, अशी कथा ते सांगत. आपल्या हातांचा रंग हा उणेपणाचा नसून देवीनें दिलेला आहे, हें सांगण्याचा त्यांतील आशय उघड आहे. कारण धर्मशास्त्राची दृष्टि निळीवर फारशी प्रसन्न नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत ब्राह्मणानें ज्या वस्तु विकूं नयेत म्हणून सांगितलें आहे, त्यांत मद्य व लाख यांच्या पंक्तीला नीळहि बसविली आहे. शास्त्रानें नांव मुरडलें, तरी वापर मात्र थांबला नाहीं. काळें म्हणून जें लुगडें नेसलें जाई, त्याचा काळेपणाहि पुष्कळदां निळीच्याच अनेक बुडींतून आलेला असे.

आतां हा रंग होतो कसा तें पाहिलें पाहिजे. निळीचें झुडूप कमरेइतकें वाढतें. पानें हिरवीं, फुलें लहान व गुलाबी. निळेपणा त्याच्यांत कोठेंहि दिसत नाहीं. मराठींत या झाडास गुळी असेंहि म्हणतात. पाला कापून पाण्यांत बुडवून ठेवला म्हणजे तो आंबूं लागतो व पाण्यांत एक पिवळसर-हिरवें द्रव्य उतरतें. मग पाला काढून टाकून तें पाणी जोरानें घुसळावयाचें. हवा मिसळली कीं पाण्यावर निळा फेस येतो आणि रंगाचा गाळ तळाशीं बसूं लागतो. तो गाळून, दाबून, वाळविला म्हणजे निळीच्या वड्या तयार होतात. यवतमाळकडील रानांत काळा कुडा म्हणून जें झाड आढळतें, त्याच्या पानांतहि हाच रंग असतो. निसर्गानें तो एकाच झाडाच्या स्वाधीन केलेला नाहीं.

परंतु वड्या मिळाल्या म्हणजे काम झालें असें नव्हे; खरी अडचण येथूनच सुरू होते. नीळ पाण्यांत विरघळत नाहीं. ती कितीहि बारीक वाटून पाण्यांत टाकली, तरी कापडावर नुसती धूळ बसावी तशी बसते आणि झटकल्यानें निघून जाते. ती विरघळावी म्हणून तिच्यांतील निळेपणाच कांहीं काळ हरण करावा लागतो. यासाठीं रंगारी मोठा रांजण घेई. तो जमिनींत अर्धा पुरी, म्हणजे ऊब टिकते. त्यांत पाणी, वाटलेली नीळ, चुना, पापडखार आणि आंबवण. आंबवण म्हणून गूळ चालतो. परंतु दक्षिणेकडील रंगाऱ्यांचें आवडतें आंबवण म्हणजे टाकळ्याचें शिजविलेलें बीं. टाकळा म्हणजेच वऱ्हाडांतील तरोटा. पावसाळ्याच्या आरंभीं ज्याची कोंवळी पानें भाजीला खुडतात आणि पुढें जो रस्त्याच्या कडेला कोणी न लावतां माजतो, त्या तरोट्याच्या शेंगांतील बीं निळीच्या रांजणास चैतन्य देतें. रानांत फुकट मिळणारी वस्तु, घरचा गूळ आणि भट्टीचा चुना. याहून अधिक भांडवल लागत नसे.

कांहीं दिवसांनीं रांजण उठतो. वर तांबूस चकाकीचा तवंग येतो, खालचें पाणी पिवळट-हिरवें होतें, व एक उग्र वास सुटतो. त्यांत भिजवून पिळलेलें कापड बुडवावयाचें, आंतल्या आंत हळूहळू फिरवावयाचें आणि बाहेर काढावयाचें. बाहेर येतांना कापड निळें नसतें, पिवळट-हिरवें असतें. मग पाहतां पाहतां वारा लागून हिरव्याचें निळें होतें. रसायनशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर, आंबण्यानें नीळ क्षपित होऊन विद्राव्य बनते, धाग्याच्या आंत शिरते आणि हवेंतील प्राणवायूनें पुनः मूळ रूपास येऊन तेथेंच अडकून पडते. एका बुडीनें आसमानी. चार-पांच बुडींनीं निळा. आणि बुडी वाढवीत गेलें म्हणजे जवळजवळ काळा. लाल रंगाच्या आलीला तेल, तुरटी आणि उकळणें लागे. निळीला यांतलें कांहींच लागत नसे. लागे तो धीर. रांजण थंडींत मंदावतो, चुना अधिक झाला तर बिघडतो, आंबवण न मिळालें तर मरतो. विरजण जपणाऱ्या गृहिणीस हें निराळें समजावून सांगावयास नको. नीळ घरांत राहूं शकली ती यामुळेंच.

येथें एक प्रश्न उपस्थित होतो. निळ्या कापडावर पांढरी नक्षी कशी उठे? लाकडी ठसा रंगांत बुडवून कापडावर उठविणें हा साधा उपाय. पण निळीच्या बाबतींत तो फसतो. रांजणांतला रंग ठशावर आला न आला तोंच त्याला वारा लागतो, तो निळा होतो आणि कापडांत शिरण्याची त्याची शक्तीच संपते. म्हणून रंगाऱ्यांनीं उलट वाट धरली. रंग जेथें हवा तेथें लावावयाचा नाहीं. जेथें नको तेथें त्याला जाऊं द्यावयाचें नाहीं. कापडांत ज्वारीचा अथवा तांदळाचा दाणा धरून भोंवतीं दोरा करकचून आवळला, कीं त्या जागीं रंग शिरत नाहीं. गांठ सोडली म्हणजे निळ्या आभाळांत पांढरा टिपका दिसतो. सुईनें धांवदोरा घालून तो ओढून चुणी केली, तर पांढरी रेघ उमटते. चिखल, चुना व डिंक कालवून त्याचा ठसा कापडावर उठविला, तरी तेंच काम होतें. मेवाडांत आकोला नांवाचें एक गांव आहे; वऱ्हाडांतील अकोला तें नव्हे. तेथील छिपा लोक या चिखलाच्या कामासाठीं अजूनहि प्रसिद्ध आहेत. जावा बेटांत चिखलाच्या जागीं मेण वापरतात. मेण वापरतां येतें याचें कारणहि हेंच, कीं नीळ थंड असते. उकळत्या रंगांत मेण टिकतें ना.

ही युक्ति किती जुनी आहे, याची साक्ष महाराष्ट्राच्याच भिंतींवर आहे. अजिंठ्याच्या पांचव्या शतकांतील चित्रांत स्त्रियांच्या अंगावर ठिपक्यांचीं वस्त्रें रंगविलेलीं आहेत, आणि अभ्यासक त्यांत बांधणीची खूण पाहतात. इजिप्तमध्यें जुन्या कैरोजवळ फुस्तात येथें सांपडलेल्या सुती चिंध्यांत गुजरातेंत तयार झालेलीं, झांकून निळींत रंगविलेलीं कापडें पुष्कळ आहेत. त्यांपैकीं कांहीं हजार वर्षांपूर्वींचीं ठरलीं आहेत. राजांचे जरतारी पोशाख कुजून गेले. परंतु कोणा सामान्य माणसाच्या अंगावरचें जाडेंभरडें सुती कापड हजार वर्षांनंतरहि निळें राहिलें आहे. विश्वनाथानें साहित्यदर्पणांत प्रेमाचे प्रकार सांगतांना रंगाऱ्याच्या घरचेच दृष्टांत घेतले, तें कांहीं उगाच नव्हे. करडईच्या फुलांच्या रंगासारखें प्रेम शोभतें, पण उडून जातें. मंजिष्ठेसारखें शोभतें आणि टिकतेंहि. आणि नीळीसारखें प्रेम फारसें झगमगत नाहीं, परंतु मनांतून जातहि नाहीं.

असा पक्का रंग घरांतून गेला कसा? याचें उत्तर देतांना सामान्यतः बंगाल व चंपारण यांची आठवण होते. बंगालांत गोऱ्या मळेवाल्यांनीं रयतेस उचल देऊन तिच्याकडून बळजबरीनें नीळ पेरून घेतली. १८५९ सालीं रयत उठली, १८६० सालीं चौकशीचें कमिशन बसलें, व त्याच सालीं दीनबंधु मित्र यांचें ‘नीलदर्पण’ नाटक प्रसिद्ध झालें. बिहारांत चंपारण येथें बिघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकीं तीन कठ्ठे निळीखालीं घालण्याची सक्ति होती. १९१७ सालीं गांधीजी तेथें गेले, आणि १९१८ च्या कायद्यानें ती तिनकठिया पद्धति संपली. हा इतिहास सर्वश्रुत आहे व तो विसरतां कामा नये. तथापि त्याचा एक परिणाम असा झाला, कीं नीळ म्हणजे जुलूम एवढेंच समीकरण लोकांच्या मनांत उरलें. मळ्यांतील नीळ आणि रंगाऱ्याच्या रांजणांतील नीळ या एकाच झाडाच्या दोन अगदीं भिन्न कहाण्या आहेत. पहिलींत नीळ पेरणाराच्या अंगाला तिचा कपडा कधीं लागत नसे. ती पेटींत भरून परदेशीं जाई. दुसरींत ती गांवांतच कापडावर चढे आणि गांवांतच नेसली जाई.

या दुसऱ्या कहाणीचा शेवट मळेवाल्यांनीं केला नाहीं. तो जर्मन प्रयोगशाळांनीं केला. प्रथम आलीवर घाला आला. १८६८ सालीं ग्रेबे व लीबरमान यांनीं मंजिष्ठेंतील अलिझरीन हें लाल द्रव्य कृत्रिम रीतीनें बनविलें, आणि थोड्याच वर्षांत आलीचीं शेतें ओस पडूं लागलीं. पुढें आडोल्फ फॉन बायर यांनीं निळीची घडण उलगडली. १८९७ सालीं कृत्रिम नीळ बाजारांत आली. त्या सालीं जगांत वनस्पतींपासून निघणारी नीळ सुमारे १९,००० टन होती. १९१४ सालीं ती सुमारे १,००० टनांवर आली. बायर यांस १९०५ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें; यवतमाळ जिल्ह्यास त्याचें सांप्रतचें नांव मिळालें तें त्याच सालीं. यांतील एक विनोद असा, कीं नव्या रंगांच्या कारखान्यांस ज्या अनिलीन द्रव्याचें नांव मिळालें, तें द्रव्य प्रथम निळीपासूनच काढलेलें होतें, व अनिल हा शब्दहि संस्कृत नीलचाच अरबी-पोर्तुगीज अवतार होय. नीळीच्याच नांवाचा वारस नीळीच्या मुळावर आला.

वऱ्हाडांत हा फेरा एकटा आला नाहीं. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. १८७७ च्या पहिल्या दिवशीं तेथें जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी सुरू झाली. कापूस कच्चाच बाहेर जाऊं लागला व रंगीत कापड होऊन परत येऊं लागला. चरखा थांबला, मग मागाचें काम घटलें, आणि मागाचेंच कापड नाहीं तेथें रांजण कोणासाठीं ठेवावयाचा? ज्या घरांत रंगविणें चालू राहिलें, तेथेंहि रांजणाच्या जागीं पुडी आली. पुडीचा रंग तासाभरांत होतो. आंबवण लागत नाहीं, वास येत नाहीं, रांजण जपावा लागत नाहीं. गृहिणीनें पुडी घेतली यांत तिचा दोष कांहींच नाहीं. मात्र पुडी घेतांना रांजणाचें ज्ञान सोडून दिलें गेलें, हें त्या वेळीं कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. रांजण एकदां रिकामा झाला, कीं पुढच्या पिढीस तो भरावा कसा हें सांगणारें घरांत कोणी उरत नाहीं.

या कथेचा एक उलटा धागा राळेगांवच्या समोरच, वर्धा नदीच्या पलीकडे सांपडतो. चंपारणच्या रयतेला निळींतून सोडविणारे गांधीजी १९३४ मध्यें वर्ध्यास आले आणि १९३६ मध्यें शेगांवीं, म्हणजे पुढच्या सेवाग्रामीं, राहावयास गेले. १९३४ सालींच अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचें काम जे. सी. कुमारप्पा यांनीं वाहिलें; १९३८ सालीं वर्ध्यास मगन संग्रहालय उघडलें. त्याच मगन संग्रहालयांतर्फे आज खादी वनस्पतिजन्य रंगांनीं रंगविली जाते. ज्या मनुष्यानें नीळ पेरण्याची सक्ति मोडली, त्याच्याच कर्मभूमींत पाल्याच्या रंगांनीं सूत रंगावें, यांत प्रथमदर्शनीं विसंगति वाटेल. ती विसंगति नाहीं. चंपारणांत लढा निळीच्या झाडाशीं नव्हता. झाड कोणाच्या शेतांत, कोणाच्या मर्जीनें आणि कोणाच्या अंगावरील कापडासाठीं वाढतें, हा तेथें प्रश्न होता. वर्ध्यासहि तोच आहे.

राळेगांवच्या बाजारांत आज निळें कापड कमी नाहीं. जीनची विजार शेतकऱ्याच्या मुलापासून मामलेदाराच्या मुलापर्यंत सर्वांच्या अंगावर आहे, व तिचा निळा रंग हा रासायनिकदृष्ट्या नीळच होय, फक्त कारखान्यांतला. त्याच जातीच्या जाड्याभरड्या निळ्या कापडास इंग्रजींत डंगरी म्हणतात; हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून गेला असें कोशकार सांगतात. म्हणजे शब्द मराठी मुलखाचा, कापूस वऱ्हाडचा, आणि रंग भारतानें जगाला शिकविलेला. तरी विजार मात्र दुकानांतूनच आणावयाची. कापूस पिकविणाऱ्या मुलखाचें दैन्य कोठून सुरू झालें, याचा विचार करणाऱ्यांनीं बोंडाच्या भावाबरोबर याहि गोष्टीचा विचार करावा. माल पिकतो तेथेंच त्याला शेवटचा हात लागणें बंद झालें, त्या दिवसापासून शेतकऱ्याच्या हातीं फक्त भाव विचारण्याचें काम राहिलें.

निळीचें बीं अजून मिळतें. तमिळनाडु व आंध्र प्रदेशांत तिची शेती चालू आहे, आणि वड्याहि विकत मिळतात. तरोटा तर दर पावसाळ्यांत राळेगांवच्या वाटांवर माजतोच. शहरांतील ज्या घरांत आज कोणी हौसेनें रांजण मांडूं पाहतें, त्यांना पहिले दोन-तीन रांजण बिघडतील, हें आधींच सांगून ठेवलें पाहिजे. चुन्याचें प्रमाण, उबेचा अंदाज आणि वासाची ओळख या गोष्टी पुस्तकांतून येत नाहींत. त्या रोज झांकण उघडून पाहिल्यानेंच येतात. जेथें असा एखादा म्हातारा रंगारी हयात असेल, तेथें जाऊन ओल्या कापडाचा हिरवा रंग निळा होतांना मुलांना दाखवून आणावें. निळ्या कोल्ह्याची गोष्ट त्यांना मग पुन्हां सांगतां येईल, आणि भांड्यांत काय होतें, हेंहि सांगतां येईल.